चर्चची घरं होतात तेव्हा : बॉस्टनमधल्या दोन वास्तूंची कहाणी

या मालेत आपण वास्तू आणि समाज यांच्या नात्याविषयी बोलतो आहोत. आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातली, पण सुरुवात आपण आपल्याजवळच्या एका वस्तूपासून करू.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिकडच्या चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या त्यांतली ही एक. घंटेचा धर्म बदलला, काम मात्र बदललं नाही. कुणीही यावं, वाजवावी, आपण आल्याचं देवाला सांगावं. घंटा उचलून दुसरीकडे नेता येते. अख्खं चर्चच निकामी झालं तर त्याचं काय करायचं? पाश्चात्त्य जगात गेली पन्नास-साठ वर्षं हा प्रश्न फार मोठा होऊन बसला आहे. एकट्या चर्च ऑफ इंग्लंडने १९६९ पासून सुमारे २,००० चर्चेस उपासनेसाठी बंद केली. त्यांतली काही ग्रंथालयं झाली, काही सभागृहं झाली आणि बरीचशी राहती घरं झाली. शहराच्या महागड्या भागात असतील तर आलिशान घरं.

बॉस्टनच्या साउथ एंड भागात अशी दोन चर्चेस आहेत. एकापासून दुसऱ्याकडे आरामात चालत जाता येतं. मुलीकडे गेलो असताना आम्ही हा रस्ता चाललो आहोत. पहिलं हॅरिसन अ‍ॅव्हेन्यूवरचं इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च, म्हणजे निष्कलंक गर्भसंभवाचं चर्च. दुसरं शॉमट अ‍ॅव्हेन्यूवरचं होली ट्रिनिटी, जर्मन लोकांचं. आज दोन्हींत लोक राहतात. बाहेरून पाहिलं तर दोन्ही अजून चर्चच वाटतात.

आधी ही बांधली कुणी ते पाहू. साउथ एंड ही मुळात जमीनच नव्हे. खाडीत भर टाकून एकोणिसाव्या शतकात ती तयार केली गेली. तिथे विटांची, पुढे गोलसर फुगवटा असलेली, एकाला एक लागून उभी घरं बांधली गेली. श्रीमंतांनी तिथे राहावं अशी कल्पना होती. पण श्रीमंत मंडळी लवकरच बॅक बे भागाकडे सरकली आणि साउथ एंडमध्ये स्थलांतरितांची, खोल्या भाड्याने घेणाऱ्यांची वस्ती वाढली. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने हजारो आयरिश माणसं बॉस्टनला येऊन पोहोचली होती. जर्मन कॅथलिकही होते. शहर मात्र जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांचं. कॅथलिक माणूस म्हणजे मोलकरीण, हमाल, गवंडी अशी तिथली समजूत होती.

अशा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी पांढऱ्या ग्रॅनाइटचं भव्य चर्च उभारलं आणि १८६१ साली ते उपासनेला खुलं झालं. लगेच १८६३ मध्ये त्याला लागूनच बॉस्टन कॉलेजची स्थापना झाली. त्याच वर्षी चर्चमध्ये हुक बंधूंचा मोठा पाइप ऑर्गन बसला. होली ट्रिनिटीचा धर्मग्राम १८४४ चा. न्यू इंग्लंडमधल्या जर्मन कॅथलिकांचं हे पहिलं ठाणं. त्यांचं सध्याचं दगडी चर्च १८७० च्या दशकात उभं राहिलं. दगड स्थानिक, पुडिंगस्टोन नावाचा. सारणात बेदाणे दिसावेत तसे त्यात गोटे रुतलेले दिसतात.

दोन्ही चर्चचा वास्तुकार एकच : पॅट्रिक कीली. आयर्लंडमधल्या टिपरेरी परगण्यात जन्मलेला, १८४२ मध्ये अमेरिकेत आलेला आणि तिथे शेकडो कॅथलिक चर्चेस उभारणारा माणूस. म्हणजे वास्तुकार स्थलांतरित, वर्गणीदार स्थलांतरित, प्रार्थनेला येणारेही स्थलांतरित. ज्यांच्या स्वतःच्या घरी दोन खोल्यांत आठ माणसं होती त्यांनी पैसा-पैसा जमवून एवढं उंच छत उभारलं. त्या छताखाली त्यांना कुणी ‘तू इथे कसा’ असं विचारणार नव्हतं. हे आपण लक्षात ठेवू, कारण पुढचा सगळा वाद इथे येऊन थांबणार आहे.

विसाव्या शतकात चित्र पालटलं. आयरिशांची, जर्मनांची नातवंडं शिकली, उपनगरांत गेली. बॉस्टन कॉलेजही १९१३ मध्ये चेस्टनट हिलला हललं. इमारती मागे राहिल्या. छत गळतं, दगडाचे सांधे सुटतात, हिवाळ्यात एवढी मोठी जागा गरम ठेवायला प्रचंड इंधन लागतं, आणि रविवारी येतात शंभर-दोनशे माणसं. पुढे गंमत अशी झाली की माणसं गेली आणि जमिनीचा भाव आला. साउथ एंडची जुनी विटांची घरं पुन्हा लोकांना आवडू लागली, १९८३ मध्ये हा भाग वारसा-क्षेत्र म्हणून संरक्षित झाला, आणि ज्या वस्तीला कुणी विचारत नव्हतं तिथे घर घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं.

आता १९८६ मध्ये काय झालं ते नीट ऐका. आजच्या विषयाचं खरं मर्म तिथे आहे.

हॅरिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या जेझुइटांनी ठरवलं की एवढं मोठं दालन आपल्याला नको. उपासनेसाठी लहान जागा ठेवू, बाकीच्यात कचेऱ्या, समुपदेशनाच्या खोल्या आणि राहायची सोय करू. त्यांनी आतलं काम सुरू केलं, तोडफोड सुरू झाली. शहरात आरडाओरड झाली. बॉस्टनच्या कायद्याप्रमाणे दहा मतदार अर्ज करून एखाद्या वास्तूला संरक्षण मागू शकतात. तसा अर्ज गेला आणि १९८७ मध्ये शहराच्या वारसा आयोगाने चर्चच्या बाहेरच्या भागाबरोबर आतला काही भागही संरक्षित ठरवला. म्हणजे आत काही हलवायचं तर आयोगाची परवानगी हवी. जेझुइट कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : वेदी कुठे ठेवायची, कशी ठेवायची, हा आमच्या उपासनेचा भाग आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साची पद्धतच बदलली आहे. वेदीची जागा सरकारी आयोगाने ठरवायची हा कुठला न्याय?

३१ डिसेंबर १९९० रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तो जेझुइटांच्या बाजूने लागला. राज्यघटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलमाचा आधार घेऊन न्यायालयाने म्हटलं की चर्चच्या आतल्या भागाची रचना आणि तिथली उपासना या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. वारसा जपण्यातलं सरकारचं हित खरं आहे, पण उपासनेत हात घालण्याइतकं ते मोठं नाही. बाहेरची भिंत शहराची काळजी. आतला भाग धर्माचा.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला हा निकाल मान्य व्हावा असाच आहे. आम्ही तरी वर्षानुवर्षं वर्गात तो चांगला निकाल म्हणूनच सांगत आलो. सरकारने देवघरात शिरू नये, यात वावगं काय? पण निकालानंतर या वास्तूचं काय झालं ते वाचलं तेव्हा आमचं मत डळमळलं. त्याचं कारण आता सांगतो.

निकालानंतर त्या चर्चमध्ये उपासना चालूच राहिली. तिथे जेझुइट अर्बन सेंटर होतं आणि तिथे येणाऱ्यांत समलिंगी कॅथलिकांची संख्या मोठी होती. इतरत्र ज्यांच्याकडे वळून पाहिलं जायचं, ते इथे न लाजता बाकावर बसायचे. तिकडे होली ट्रिनिटीमध्ये १९९० पासून जुन्या पद्धतीचा लॅटिन मिस्सा होत असे. व्हॅटिकन परिषदेने आणलेले बदल ज्यांना पचले नाहीत, ज्यांना ‘मागासलेले’ म्हणून हसलं जायचं, अशी मंडळी तिथे जमायची. आता गंमत पाहा. हे दोन गट विचारांनी दोन टोकांना. एकमेकांच्या चर्चमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नसतं. पण दोघांचीही अवस्था एकच : इतर धर्मग्रामांत नीटशी न मावणारी माणसं, आणि त्यांना आसरा देणाऱ्या दोन मोठ्या, जुन्या, अर्ध्या रिकाम्या इमारती. इमारत अर्धी रिकामी होती म्हणूनच त्यांना जागा होती. हिशेबाच्या वहीत जी जागा ‘वापरात नाही’ अशी दिसते ती कुणाच्या तरी वापरात असते.

लॅटिन मिस्सा २००७ मध्ये दुसरीकडे हलवला गेला. त्याच वर्षी इमॅक्युलेट कन्सेप्शन बंद झालं. २००८ मध्ये होली ट्रिनिटी बंद झालं.

ही दोनच नव्हती. २००४ मध्ये बॉस्टनच्या आर्चबिशपांनी साठाहून अधिक धर्मग्राम बंद करण्याची घोषणा केली होती. काळ लक्षात घ्या. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार २००२ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने उघडकीस आणले होते आणि २००३ मध्ये पीडितांना साडेआठ कोटी डॉलर देण्याची तडजोड झाली होती. धर्मप्रांताचं म्हणणं होतं की बंद करण्याची कारणं वेगळी आहेत : भाविक घटले, धर्मगुरू मिळत नाहीत, इमारती खचल्या आहेत. ही कारणं खोटी नव्हती. पण लोकांचा संशय गेला नाही. काही चर्चमध्ये भाविकांनी ठिय्या दिला. सिच्युएट गावातल्या चर्चमध्ये तर लोक पाळीपाळीने रात्रंदिवस बसून राहिले, तिथेच झोपले. किती दिवस? ऑक्टोबर २००४ ते मे २०१६. साडेअकरा वर्षं! रोमपर्यंत दाद मागून झाली, मग देशाच्या न्यायालयांत लढून झालं. न्यायालयांनी सांगितलं की जागेचे मालक आर्चबिशप आहेत. मालक म्हणतो बाहेर जा, तर बाहेर जावं लागेल. कागद पाहिला तर यात चूक नाही. बॉस्टनच्या आर्चबिशपांच्या नावे मालमत्ता धरण्याची कायदेशीर सोय १८९७ पासून आहे. ज्यांच्या पणज्यांनी वर्गणी दिली त्यांचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

इथे तुम्ही विचाराल, चर्च एकदा देवाला अर्पण केलं की ते परत माणसाचं कसं होतं? आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते, दहा दिवसांनी उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि मग ती माती असते. कॅथलिक धर्मसंहितेतही उत्तरपूजेसारखी तरतूद आहे. कलम १२२२ सांगतं की चर्च उपासनेला निरुपयोगी झालं आणि दुरुस्त होण्यासारखं नसलं, किंवा इतर गंभीर कारणं असली, तर बिशप ते ऐहिक वापराला देऊ शकतात. मात्र तो वापर हीन नसावा. दारूचा अड्डा नको, घर चालेल. पण वेदी? कलम १२३८ म्हणतं की चर्चचं पावित्र्य काढून घेतलं तरी वेदीचं जात नाही. म्हणून वेदी आधी हलवावी लागते. फरक मात्र एक आहे. गणपतीची मूर्ती बसवतानाच आपल्याला ठाऊक असतं की ती जाणार. म्हणून ती मातीची. चर्च बांधणाऱ्यांनी ग्रॅनाइट वापरला होता. उत्तरपूजा करावी लागेल असं त्यांच्या मनात नव्हतं.

पुढचं काम बिल्डरचं. चर्चचं घर करणं हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम आहे. चर्च म्हणजे एकच प्रचंड पोकळी, आणि उजेड येतो तो उंच, लांबट खिडक्यांतून. घराला मजले लागतात. मजला टाकला की तो खिडकीला मधोमध कापतो. खालच्याला खिडकीचा पाय मिळतो, वरच्याला कमान. प्रत्येक घराला स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याचे नळ, आगीत सुटायला जिना. जुन्या भिंतींवर एवढा भार टाकता येत नाही म्हणून आत पोलादाचा नवा सांगाडा उभारावा लागतो. हा खर्च एवढा असतो की घरं महाग विकल्याशिवाय किंवा महाग भाड्याने दिल्याशिवाय हिशेब जुळत नाही. होली ट्रिनिटीच्या दगडी भिंतींच्या आतून काचेची आणि पोलादाची नवी इमारत वर काढली गेली आणि तिथे ३३ घरं झाली. इमॅक्युलेट कन्सेप्शन २०१३ मध्ये विकलं गेलं आणि तिथेही घरं झाली. १८६३ चा तो ऑर्गन त्याआधीच उतरवून नेला होता. बाहेरचा ग्रॅनाइट संरक्षित होता. तो जसाच्या तसा आहे. आतल्या भागावर जे कवच आयोगाने घातलं होतं ते १९९० मध्येच निघालं होतं.

आमचं मत का डळमळलं, ते इथे आलं. उपासनेच्या नावाने आतला भाग सरकारपासून मोकळा केला गेला. पुढे उपासनाच उठली. मोकळा झालेला आतला भाग मग बाजारात आला. न्यायालयाने दोनच बाजू धरल्या होत्या : सरकार आणि धर्मसंस्था. तिसरी बाजू, म्हणजे बाकावर बसणारी माणसं, त्या निकालात कुठेच नव्हती. आम्हीही ती इतकी वर्षं पाहिली नव्हती.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. घरं करणं हे पाप नव्हे. शहराला घरं लागतात. ज्यांनी ती घरं घेतली त्यांनी काही चोरलं नाही, उलट त्यांच्या पैशातून छत नीट झालं, दगडाचे सांधे भरले गेले. हे झालं नसतं तर कदाचित दोन्ही इमारती पडल्या असत्या, आणि पाडलेल्या चर्चपेक्षा उभं चर्च बरं, असं म्हणणारा माणूस मूर्ख नव्हे. इतिहासप्रेमींनी भिंती वाचवल्या याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

आमचं म्हणणं एवढंच आहे की काय वाचलं आणि काय गेलं याचा हिशेब बरोबर मांडावा. वाचली ती रस्त्यावरून दिसणारी बाजू. गेलं ते आत जाता येणं. चर्च हे शहरातलं असं एक दालन होतं की जिथे भाविक असो वा नसो, थंडीने कुडकुडणारा कुणीही दार ढकलून आत जाऊन मागच्या बाकावर बसू शकत होता. पैसे द्यायचे नाहीत, काही विकत घ्यायचं नाही, कारण सांगायचं नाही. आजच्या शहरात अशा जागा मोजक्याच उरल्या आहेत. देव तिथून गेला की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. माणसं गेली हे मात्र उघड आहे.

दुसरा मार्गच नव्हता का? बॉस्टनच्याच जमैका प्लेन भागात २००४ च्या यादीतल्या एका चर्चच्या आवारात स्थानिक बिगर-नफा संस्थेच्या पुढाकाराने परवडणारी घरं झाली. लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगेनॉ प्रॉटेस्टंटांनी ती बांधली. पुढे ती मेथडिस्टांचं चॅपल झाली, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून ती मशीद आहे. तीन शतकांत धर्म बदलत गेले, पण दर वेळी ती नव्याने आलेल्या गरीब लोकांची जागा राहिली. आपल्या मेणवलीच्या घंटेसारखंच. खुद्द रोममध्ये २०१८ साली बंद चर्चच्या प्रश्नावर परिषद झाली, तिच्यातूनही हाच सूर निघाला : सामाजिक, सांस्कृतिक उपयोगाला प्राधान्य द्यावं, नफ्याच्या सट्ट्यासाठी वापर टाळावा. बॉस्टनच्या या दोन वास्तूंसाठी तो सल्ला उशिरा आला.

तेव्हा अशी वास्तू विकायची वेळ आली तर मालक कोण आणि भिंत किती जुनी, हे दोन प्रश्न कायदा विचारेलच. तिसरा आपण विचारायला हवा, आणि तोही सही होण्याआधी : उद्या या दारातून आत कोण जाऊ शकेल?

हॅरिसन अ‍ॅव्हेन्यूवर आम्ही गेलो ती संध्याकाळची वेळ होती. पायऱ्या चढलो, दाराशी उभे राहिलो, पांढरा दगड हाताने चाचपून पाहिला. तेवढ्यात आत राहणारी एक तरुण मुलगी सायकल घेऊन आली. कुणाकडे आला आहात, असं तिने अगदी नम्रपणे विचारलं. कुणाकडेच नाही, असं आम्ही सांगितलं आणि पायऱ्या उतरलो. तिचं चुकलं नव्हतं. ते तिचं घर होतं. पण त्या दारात हा प्रश्न विचारला जाण्याची वेळ दीडशे वर्षांनी आली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.